खिडकीखालच्या बसमधला टॅबलेट

मित्रांनो, माझ्या अंगात सिमकार्ड घालायला फट नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी म्हणायला नको की लपवून ठेवलं. मी एक जुना टॅबलेट आहे. वायफाय असेल तिथे मला वाचा फुटते आणि नसेल तिथे माझी पाटी कोरी. माझ्या एका कोपऱ्याला तडा गेला आहे, आवाजाच्या भोकांत मैदा बसला आहे आणि बॅटरी आता पूर्वीसारखा दम धरत नाही. तरी माझं बरं चाललं आहे. कसं ते सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तोंडाला फडकी आणि हाताला मोजे लावलेल्या मुलींनी माझ्या पोटात बॅटरी बसवली, वर काच चिकटवली, आणि एकीने मला उलटंसुलटं करून पाहत "हा झाला" म्हणून पुढे सरकवलं. एवढंच माझं कौतुक. माझ्या मागोमाग त्याच पट्ट्यावरून माझा जुळा भाऊ आला. तेच रूप, तीच काच, अक्कलही तेवढीच. फक्त त्याच्या कमरेला एक बारीक फट होती आणि तिच्या शेजारी टाचणी जाईल एवढं भोक. त्या फटीत सिमकार्ड सारलं की तो मोबाईलसारखा रस्त्यात, शेतात, गाडीत, कुठेही नेट पकडणार होता. मला मात्र कुणाच्या तरी घरच्या वायफायवर जगायचं होतं. पण आम्हा दोघांच्याही खोक्यांवर छापलं होतं की यांना चार स्पीकर आहेत आणि यांचा आवाज सगळी खोली भरून टाकतो. या चार स्पीकरांचा मला फार गर्व होता. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते पुढे येईलच.

दुकानात काचेच्या कपाटात आम्ही दोघे शेजारी शेजारी उभे होतो. गिऱ्हाइकं यायची, दोघांना उचलून बघायची आणि हमखास तोच प्रश्न विचारायची, "सिमवाला घेऊ की साधा?" साधा म्हणजे मी. तो शब्द मला टोचायचा, पण सांगणार कुणाला. दुकानदाराचं उत्तर पाठ होतं. "घरात वायफाय आहे ना? मग साधाच घ्या. सिमवाल्याला दर महिन्याला वेगळं रिचार्ज मारावं लागतं. बाहेर कधी लागलंच तर फोनचं नेट याला जोडायचं, झालं काम." त्याचा सल्ला काही खोटा नव्हता. शंभरातल्या नव्वद जणांना तो चपखल बसायचा. माझी गोष्ट उरलेल्या दहांमधल्या एकीची आहे.

एका संध्याकाळी दोघीजणी दुकानात आल्या. एक पन्नाशीची, दुसरी तिची लेक. पन्नाशीची जी होती तिला तिची बहीण 'मोठी' म्हणते, म्हणून मीही मोठीच म्हणतो. मोठीला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते, आणि असं बोलते की बघत राहावं. बसच्या डेपोत फाटक्या सीटा शिवण्याचं काम ती वीस वर्षं करते आहे. तिच्या उजव्या अंगठ्याला सुईने पडलेला घट्टा आहे, तो मला आजही माझ्या काचेवर ओळखू येतो.

लेक दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते आणि दिवसभर लोकांना उत्तरं देते. घरीही तिचं तेच काम. सहा वर्षांची असल्यापासून ती आईच्या वतीने बोलत आली होती. बँकेत, पोस्टात, डॉक्टरकडे, सगळीकडे माणसं आईकडे बघून विचारायची आणि उत्तर लेकीकडून यायचं. शाळेत तर बाईंनी एकदा आईला बोलावून तक्रार केली की ही मुलगी वर्गात फार बडबड करते. ते आईला सांगायचं कामही हिच्याकडेच आलं. हिने हातांनी सांगितलं, "बाई म्हणतात, मी हुशार आहे." मोठीने बाईंचा चेहरा नीट पाहिला आणि घरी आल्यावर लेकीचा कान धरला.

त्या संध्याकाळी लेकीला नुकतीच बढती मिळाली होती आणि त्या आनंदात ती आईसाठी टॅबलेट घ्यायला आली होती. मोठीच्या एका काखेत डेपोच्या कामाची रेक्झिनची गुंडाळी होती आणि दुसऱ्या हातात भाजीची जड पिशवी. दुकानदाराने विचारलं, "कोण वापरणार?"

"आई. मावशीशी व्हिडिओवर बोलायला."

"म्हणजे घरीच वापरणार ना?"

"हो, घरीच," लेक म्हणाली. "ती बाहेर कशाला नेतेय?"

मी काचेमागून सगळं बघत होतो. मोठीची नजर माझ्या जुळ्या भावावर खिळली होती. तिला काहीतरी म्हणायचं होतं. पण मित्रांनो, ज्याचं बोलणं हातांत असतं त्याचे हात अडकले की तोंडात बोळा कोंबल्यासारखंच होतं. तिने कोपराने लेकीला ढोसलं. लेकीला वाटलं, आईला घाई झाली आहे. "झालंच आई," असं तिने एका हाताने सांगितलं. मोठीने गुंडाळी टेबलाला टेकवून उभी केली, ती घसरली, मग पिशवी खाली ठेवली, तोवर दुकानदार माझ्या खोक्याला पिशवीत घालत होता. मोठीने जुळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हा?"

"तो बाहेर हिंडणाऱ्यांसाठी, आई. तुला याचाच उपयोग," लेकीच्या हातांनी उत्तर दिलं. तिचा चेहरा आनंदाने इतका फुलला होता की मोठीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे." जुळा भाऊ काचेतच राहिला.

घरी गेल्यागेल्या माझा पहिला अपमान झाला. "स्पीकर कशाला हवेत, बॅटरी वाचेल," म्हणत लेकीने माझे चारही स्पीकर बंद करून टाकले. ते पुन्हा कधी उघडले नाहीत. सुरुवातीला मी फार हिरमुसलो. पण पहिल्या रविवारी मोठीने मला टेबलावर टेकवून उभं केलं आणि धाकटीचा चेहरा माझ्यात उमटला, तेव्हा मला माझी खरी जागा कळली.

धाकटी म्हणजे मोठीची बहीण. तिलाही ऐकू येत नाही. ती दूरच्या गावात एकटी राहते आणि बेकरीत काम करते. याआधी दोघी फोनवर व्हिडिओ लावायच्या, पण फोन एका हातात धरला की बोलायला एकच हात उरतो. अर्धं तोंड दाबून धरून गप्पा मारून बघा, म्हणजे कळेल. धाकटी फोन साखरेच्या बरणीला टेकवायची आणि ऐन रंगात आलेल्या गोष्टीत तो पालथा पडायचा. लिहून निरोप पाठवता यायचे, पण त्यांचे विनोद लिहिण्यासारखे नव्हते. त्यांत भुवया लागायच्या, गाल फुगवावे लागायचे, मालकाच्या चालीची नक्कल करावी लागायची. माझ्यासमोर मोठीचे दोन्ही हात मोकळे झाले आणि तिचं डोक्यापासून कमरेपर्यंतचं बोलणं माझ्या काचेत मावलं. त्या रविवारी दोघी तीन तास बोलल्या. शेवटी हसून हसून मोठीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

एवढं असून माझ्यामुळे मोठीची अडचण सुटली नव्हती. धाकटी संध्याकाळी सहाला बेकरीत जायची आणि पहाटे परत यायची. दुपारी बारापर्यंत झोपायची. तिची जागी असण्याची, मोकळी असण्याची वेळ बारा ते पाच. आणि त्या वेळी मोठी डेपोत असायची, मी घरात असायचो. मग राहिला एक रविवार. तुम्ही म्हणाल, आठवड्यातून एकदा काय थोडं झालं? मोठीला लेक होती, बोलायला घर होतं. धाकटीच्या गावात मात्र हातांची भाषा जाणणारं एकही माणूस नव्हतं. आठवड्याचे सहा दिवस तिचे हात फक्त पीठ मळायचे. एका रविवारी तिने हसत हसतच सांगितलं, "परवा मी स्वप्नात बोलले, तर हात भिंतीवर आपटून जागी झाले." मोठी त्यावर हसली, पण त्या दिवसापासून तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आपण बहिणीशी बोललं पाहिजे, हे तिच्या मनात आधीपासून होतंच, ते तिने तेव्हा पक्कं केलं. म्हणजे दुकानात तिची नजर जुळ्यावर खिळली होती ती उगीच नव्हती.

ती लेकीला काही बोलली नाही. पोरीने एवढ्या हौसेने आणलेल्या वस्तूत खोट कशी काढायची? दुसऱ्या दिवशी तिने मला रेक्झिनच्या तुकड्यात गुंडाळलं आणि डेपोत नेलं.

डेपो हे माझ्यासारख्याचं ठिकाणच नव्हे. डिझेलचा वास, पाण्याची डबकी, आणि रांगेने उभ्या असलेल्या बसगाड्या. मोठीचं काम गाडीतच चालायचं. ती शिवत असेल त्या गाडीच्या दारावर 'काम चालू आहे' अशी लाल पाटी लागायची आणि जेवणाच्या सुट्टीत ती काढली जायची. पहिल्या दिवशी तिने दुकानदाराचा सल्ला मानून आपल्या फोनचं नेट मला जोडलं. फोन बिचारा जुना. वीस मिनिटांत तो तव्यासारखा तापला आणि त्याने मान टाकली. आता मोठीचा फोन बंद म्हणजे मोठी बेपत्ता, कारण डेपोतले सगळे निरोप तिला लिहूनच यायचे. अर्धा डेपो तिला शोधत फिरला आणि ती शेवटच्या गाडीत सुई ओवत बसलेली सापडली.

डेपोतले नियंत्रकसाहेब तसे कडक. गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. पण मोठीने कागदावर आपली अडचण लिहून दिली तेव्हा त्यांनी ती वाचली आणि एका चिठ्ठीवर ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड लिहून दिला. "कर्मचाऱ्यांसाठीच आहे ते, काकू. तुम्ही काय पाहुण्या आहात?" असं ते म्हणाले आणि मग ऐकू येत नाही हे आठवून तेही खाली लिहिलं.

पण वायफाय ऑफिसच्या भिंतीत कोंडलेलं होतं. बाहेर ते फक्त एका खिडकीतून सांडायचं, तेही एका गाडीपुरतं. मोठी मला घेऊन सगळ्या रांगांमधून हिंडली. शेवटी खिडकीखाली पाठ करून उभ्या असलेल्या गाडीच्या शेवटच्या लांब सीटवर मला वाचा फुटली. एक हात पुढे गेलं की गेलीच.

मग काय विचारता! मिशीवाला म्हणून एक ड्रायव्हर होता. त्याने पुढाकार घेतला. ज्या गाडीच्या सीटा शिवायच्या ती खिडकीखालीच लावायची, पाठ करूनच लावायची, असं ठरून गेलं. कुणी चुकून दुसरी गाडी लावली तर मिशीवाला म्हणायचा, "काढ रे ती. काकूंची फोनची वेळ झाली." दुपारी एक वाजता मोठी मला समोरच्या सीटच्या पाठीवर टेकवायची. धाकटी तिकडे झोपेतून उठून, केस विस्कटलेले, चहाचा कप घेऊन यायची. अर्धा तास दोघी नुसत्या बरसायच्या. धाकटी बेकरीच्या मालकाची तक्रार करायची, मोठी सीटच्या फटीत काय काय सापडलं ते दाखवायची: कंगवा, कवळी, एकदा तर कुणाची तरी गुंडाळी करून ठेवलेली प्रेमपत्रं. ती सगळी पत्रं दोघींनी वाचली, हे मी कुणाला सांगत नाही. हळूहळू ड्रायव्हरांनाही दोन-चार खुणा यायला लागल्या. मिशीवाला खिडकीतून डोकावून धाकटीला रोज 'पाव चांगला' अशी खूण करायचा. तिचा पाव त्याने जन्मात खाल्ला नव्हता. ते चार महिने माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते.

नंतर एक दिवस नवा ड्रायव्हर आला. त्याला कुणीतरी सांगितलं, खिडकीखालची गाडी पुढच्या फाटकापाशी नेऊन लाव. लाल पाटी सुट्टीमुळे निघालेली होती. मोठी मागच्या सीटवर वाकून माझ्याशी बोलत होती, त्याला ती दिसलीच नाही. त्याने इंजिन चालू केलं. गाडी थरथरली हे मोठीला जाणवलं, पण डेपोत मिस्त्री लोक गाड्या उभ्या जागी चालू करून बघतात, ते रोजचंच होतं. माझ्यात मात्र धाकटीचा चेहरा अर्धवट हसण्यात आणि एक हात हवेत असतानाच गोठला. मोठी शांतपणे थांबली. नेट गेलं की असं होतं, हे तिला माहीत होतं. मग तिने मान वर केली तर बाहेरून दिव्याचे खांब चालले होते.

ती उठून उभी राहिली. तिच्या हातात कात्री होती, हे ती विसरली होती. ड्रायव्हरला आरशात गाडीच्या टोकाला कात्री घेतलेली बाई दिसली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने करकचून ब्रेक मारला. मी सीटच्या पाठीवरून उडालो आणि कोपऱ्यावर आपटलो. माझा तडा तेव्हाचा. कुणाला लागलं नाही, मोठी तर खाली उतरून ड्रायव्हरला पाणी देत होती. सगळा डेपो हसला, पण नियंत्रकसाहेब हसले नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठीच्या हातात चिठ्ठी दिली. 'सुट्टीत गाडीत बसायचं नाही. तुमच्या भल्यासाठी सांगतोय. ऑफिसात बसून बोला.'

मोठी दोन दिवस ऑफिसात बसली. तिथे ड्रायव्हर-कंडक्टरांची ये-जा, हिशोबाची टेबलं, आणि प्रत्येक जण येता-जाता थबकून तिचे हात बघायचा. हातांची भाषा कुजबुजता येत नाही. धाकटी तिकडून काहीतरी मनातलं सांगू लागली की मोठी मला स्वतःकडे ओढून घ्यायची आणि मग पुन्हा अर्धे हात काचेबाहेर जायचे. तिसऱ्या दिवशी तिने मला घरी ठेवलं. मी कपाटात चादरींखाली गेलो. रविवारी मला बाहेर काढलं जायचं आणि सोमवारी मी पुन्हा अंधारात. माझ्यावर धूळ बसली, बॅटरी आठवडाभर रिकामी राहू लागली. मला माझं दुःख होतंच, पण धाकटीचे हात पुन्हा नुसतं पीठ मळत असतील, हे जास्त लागत होतं.

लेक एकदा म्हणाली, "आई, मावशीशी हल्ली कमी बोलतेस का?"

"बोलते की," मोठीने सांगितलं. लेकीनेच मग आईच्या वतीने निष्कर्ष काढला की आईला टॅबलेटचा कंटाळा आला.

आणि मग तो रविवार आला. मोठी माझ्यासमोर बसली होती, दाराकडे पाठ करून. धाकटी तिला खडसावत होती. "लेकीला सांगत का नाहीस? सिमवाला हवा होता म्हणून सांग."

"कसं सांगू? दुकानात माझे हात अडकले होते, तिने माझ्या वतीने सांगून टाकलं. नेहमीच सांगते. सहा वर्षांची असल्यापासून पोर माझं तोंड झाली आहे. आता तिला म्हणू का, की चुकलीस?"

"मग मी काय करू?" धाकटी म्हणाली. "सहा दिवस भिंतीशी बोलू?" एवढं म्हणून तिचे हात थांबले. ती मोठीच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

दारात लेक उभी होती. तिच्या दोन्ही हातांत धुतलेल्या ओल्या चादरींचा भारा होता. मावशीचे हात तिला समोरून दिसत होते आणि आईचे माझ्या काचेतल्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात. तिने सगळं वाचलं होतं. तिला बोलायचं होतं, पण तिचे हात अडकले होते. ती "आई" म्हणाली, तोंडाने. दिवसभर शंभर माणसांना उत्तरं देणाऱ्या त्या तोंडाचा त्या खोलीत काडीचा उपयोग नव्हता. तिघींपैकी ते कुणाला ऐकू येणार होतं? तिला एकटीलाच. ती तशीच उभी राहिली, चादरींचं पाणी तिच्या पायांवर ठिबकत राहिलं. मग तिने सगळा भारा फरशीवर टाकला आणि पुढे आली.

"मला का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

मोठीने तिच्याकडे पाहिलं. "तू विचारलंस कुठे?" ती म्हणाली. त्यात राग नव्हता. किती वाजले ते सांगावं तसं सांगितलं.

लेक खाली बसली आणि रडली. मोठीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण 'जाऊ दे' असं काही ती म्हणाली नाही. धाकटी इकडून तिकडून मान वाकडी करत होती. शेवटी तिने दोन्ही हात हलवून सांगितलं, "अगं, जरा सरका. मला दोघींच्या पाठीच दिसताहेत." तेव्हा दोघी हसल्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच दुकानात गेलो. आम्ही म्हणजे मोठी आणि मी. लेक आली होती, पण ती दुकानाच्या पायरीखाली थांबली आणि शेजारच्या दुकानातले बूट बघू लागली. मोठीने सिमवाल्याकडे बोट दाखवलं. दुकानदार गोंधळला. तो दारापर्यंत गेला आणि म्हणाला, "ताई, यांना नेमकं काय हवंय?"

"मला माहीत नाही," लेक बुटांकडे बघत म्हणाली. "त्यांनाच विचारा."

"अहो, पण त्यांना ऐकू..."

"वाचता येतं. तुम्ही लिहा. त्याही लिहितील."

तिची पाठ मला काचेतून दिसत होती. एकदा तिने वळायला मान उचलली आणि पुन्हा बुटांत घातली. तिला ते किती जड जात होतं, हे मला कळत होतं.

मोठीने मला उघडलं आणि माझ्यावर बोटाने लिहिलं. त्यासाठी मला वायफाय लागत नव्हतं, नुसती मोठी लागत होती. तिने विचारलं, 'सिमवर अर्धा तास व्हिडिओ चालला तर बॅटरी किती उरते? कॉल आला की दिवा लुकलुकतो का? आवाजाचं मला सांगू नका. उन्हात काच दिसते का? घरी आल्यावर वायफायवरही चालतो ना?' दुकानदाराने आयुष्यात पहिल्यांदा पाठ केलेलं उत्तर बाजूला ठेवलं असावं. तो एकेक प्रश्न वाचून, खोकं उलटंसुलटं करून, खाली लिहीत गेला. दिवा लुकलुकतो की नाही ते त्यालाही माहीत नव्हतं. त्याने तिथल्या तिथे करून पाहिलं. लुकलुकला. पाऊण तास लागला. मोठीने सिमवाला घेतला.

माझा जुळा तर केव्हाच विकला गेला होता. हा त्याच्यासारखाच एक दुसरा होता. दुकानदाराने माझ्याकडे बघत लिहिलं, 'जुना परत देणार का? तडा गेलाय, तरी थोडं कमी करून देईन.' मित्रांनो, माझी छाती कशी धडधडली ते सांगता येत नाही, कारण मला छातीच नाही. मोठीने मला उचलून पिशवीत ठेवलं आणि मान हलवली. कागदावर लिहिलं, 'हा बहिणीला.'

दुसऱ्याच दिवशी तिने नियंत्रकसाहेबांपुढे नवा टॅबलेट ठेवला. त्यावर लिहिलं होतं, 'दारावरची लाल पाटी सुट्टीतही राहू दे. मग मी कुठल्याही गाडीत बसून बोलेन.' साहेबांनी ते दोनदा वाचलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "हे मला कसं सुचलं नाही?" सुचणार कसं? त्यांनीही काकूंना विचारलं नव्हतं.

आता मी धाकटीच्या घरी असतो. तिच्याकडे वायफाय आहे आणि ती मला घराबाहेर नेत नाही, त्यामुळे साधा असण्याचा मला काही कमीपणा नाही. साखरेच्या बरणीची नोकरी सुटली. रोज एक वाजता मी लुकलुकतो आणि मोठी माझ्यात येते, आज या रांगेतून, उद्या त्या रांगेतून. कधी चाचणीसाठी निघालेल्या गाडीत मागच्या सीटवर बसून ती बोलते, आणि तिच्या खांद्यामागून झाडं पळत असतात. मिशीवाला अजून पावाचं कौतुक करतो. धाकटीचे हात जेवढं बोलतात तेवढे तिच्या बोटांचे ठसे माझ्यावर उमटतात, बहुतेक मैद्याचे. ती ते ओल्या फडक्याने पुसते. ओल्या नको, जरा कोरड्याने पूस, असं तिला कुणीतरी सांगा. एवढी एक तक्रार सोडली तर मी सुखात आहे.

मागच्या महिन्यात मोठी आणि लेक इथे राहायला आल्या होत्या. लेक मावशीच्या स्वयंपाकघरात चहा करत होती. मावशीच्या चहात एक चमचा साखर, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिने चमचा भरला आणि तशीच थांबली. वळून तिने विचारलं, "मावशी, साखर किती?" धाकटीचे हात कोपरापर्यंत पिठात होते. तिने हात वर काढले, बोटांना चिकटलेलं पीठ एकेक करून सोडवलं, नळाखाली हात धुतले, पुसले. चहा उतू जायला आला होता. लेकीने गॅस बारीक केला आणि उभी राहिली.

"तीन चमचे," धाकटी म्हणाली. "इतकी वर्षं तुझा चहा फिका लागतो गं मला."

तेव्हा मित्रांनो, सिमवाला घ्या नाहीतर साधा घ्या. आम्ही दोघेही वाईट नाही. आम्हाला उन्हात टाकू नका, बॅटरी अगदी रिकामी होऊ देऊ नका. पण घ्यायच्या आधी जो वापरणार आहे त्याला विचारा, तो कुठे बसून, कुणाशी, किती वाजता बोलणार आहे. आणि विचारलंत की उत्तर येईपर्यंत थांबा. त्याला कदाचित हात धुवावे लागतील.